ओठ उचलून बघा: दुभंगलेला ओठ घेऊन मोठं झालेल्यांसाठी तोंडाची निगा

लहानपणी ओठ शिवला की घरच्यांच्या लेखी विषय संपतो. माझाही संपला होता. डाव्या नाकपुडीपासून ओठाच्या काठापर्यंत उतरलेला व्रण, त्या बाजूला जरा बसलेलं नाक, आणि दर लग्नकार्यात ‘आता काही कळतसुद्धा नाही हो’ म्हणणारी आत्या. मग तिशी ओलांडल्यावर एकदा नळ स्टॉपजवळ अमृततुल्यात उभा होतो. मित्राने काहीतरी पांचट विनोद केला, घोट गिळता गिळता मी हसलो आणि चहा डाव्या नाकपुडीतून थेट शर्टावर.

त्याआधी दोन महिने मी एका दवाखान्यात वाकडा, किडका दात काढून घेतला होता. तो नेमका हिरडीतल्या भेगेच्या काठावरचा, आणि तो निघाल्यावर तिथून नाकापर्यंत वाट मोकळी झाली. बाहेरून ओठ शिवलेला, पण आतली हिरडी कधी सांधलेलीच नव्हती. हे त्या डॉक्टरांनी विचारलं नाही आणि मलाही सांगता आलं नाही. सांगणार कसं? मी स्वतःच तिथे कधी बघितलं नव्हतं. ओठ लपवायची सवय इतकी जुनी, की न्हाणीघरातल्या आरशासमोर एकटा असतानाही तो उचलायचा राहून गेला होता.

जगात साधारण ७०० जन्मांमागे एका बाळाला ओठाची, टाळूची किंवा दोन्हींची भेग असते. त्या हिशेबाने पुणे-पिंपरी-चिंचवडमध्ये आपण काही हजार तरी असणार, त्यातले निम्मे मिशीआड. लहान मुलांसाठी शिबिरं असतात, आईवडिलांसाठी माहितीपत्रकं असतात. पस्तिशीच्या माणसाने दात कसे घासायचे हे मात्र कुणी सांगत नाही. ते इथे सांगतो.

आधी नकाशा काढा

रविवारी सकाळी अर्धा तास काढा. हात स्वच्छ धुवा, आरशासमोर उभे राहा आणि घरच्या कुणाला तरी मोबाइलची बॅटरी धरायला सांगा. ते नकोसं वाटत असेल तर मोबाइल एका पेल्याला टेकवून ठेवा. आता तोंड मोठं उघडू नका. अर्धवट मिटलेलंच ठेवा. तोंड ताणलं की वरचा ओठही ताणतो आणि व्रणाची बाजू हलतच नाही. ओठ सैल सोडून तर्जनीने हळूच वर आणि बाजूला न्या.

व्रणाच्या आतल्या बाजूला बहुधा एक घट्ट पट्टी दिसेल, ओठ आणि हिरडीला जोडणारी. त्यामुळे ओठ आणि हिरडीमधली खाच तिथे उथळ असते. अन्न अडकतं तेही तिथेच आणि ब्रश पोचत नाही तोही तिथेच. मग दात मोजा. समोरच्या मोठ्या पटाशीशेजारचा छोटा पटाशीचा दात भेगेच्या बाजूला अनेकदा नसतोच, किंवा खुंटीसारखा बारीक असतो. काहींना तिथे एक दात जास्तीचा असतो, कधी टाळूकडच्या बाजूला दडलेला. मोठी पटाशी फिरलेली किंवा तिरकी असू शकते. तिच्यावर पांढरट किंवा तपकिरी डाग दिसला तर तो नेहमी कीडच असेल असं नाही. दातावरचं कवच मुळातच नीट बनलेलं नसतं. असा दात गार पाण्याने झिणझिणतो आणि किडतोही लवकर.

याचं कारण सोपं आहे. गर्भात ओठ चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो. तो जिथे जुळायचा राहतो, जवळपास त्याच सांध्यावर छोट्या पटाशीचा दात धरणार असतो. सांधा बिघडला की दाताचंही गणित बिघडतं. पुढे शस्त्रक्रियेचे, विशेषतः टाळूच्या शस्त्रक्रियेचे, व्रण वरच्या जबड्याची वाढ आवळून धरतात. म्हणून आपल्यापैकी अनेकांचे वरचे दात खालच्या दातांच्या आत बसतात.

शेवटी हिरडीत खोबण किंवा छिद्र आहे का ते बघा. दिसत नसेल तर आठवून पाहा: पाणी पिऊन वाकल्यावर नाकात ओलसर लागतं का? फुगा फुगवता येतो का? माझ्या मोठ्या भावाला आरतीला शंख वाजवता यायचा, मला नाही. मी ते इतकी वर्षं फुफ्फुसांवर ढकलत होतो.

दिसलं ते कागदावर लिहा, दोन-तीन फोटो काढून ठेवा. भेग फक्त ओठाची असेल आणि हिरडी अखंड असेल, तर छिद्राबद्दलचा पुढचा भाग सोडून दिलात तरी चालेल. घट्ट पट्टीचा त्रास मात्र तिथेही असतो.

याच बैठकीत घरातल्या मोठ्यांना जुन्या फायलीबद्दल विचारा. ऑपरेशन कुठे, कोणत्या वर्षी, एकूण किती वेळा झालं? आठ ते अकराच्या वयात कमरेतलं थोडं हाड काढून हिरडीत बसवलं होतं का? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. ते हाड सुळा यायच्या आधी बसवतात, म्हणजे सुळ्याला उतरायला जागा मिळते. फाइल सापडली नाही तर कमरेवर बघा. पट्टा बांधतो तिथे जुना व्रण असला तर उत्तर मिळालं.

घासणं

इथे जरा थांबणार आहे, कारण निम्मी लढाई हीच आहे.

मोठ्यांचा नेहमीचा ब्रश आपल्या वरच्या ओठाखाली मावत नाही. मावला तरी त्याचं डोकं व्रणाला घासतं, दुखतं, आणि हात आपोआप पुढे सरकतो. वर्षानुवर्षं तेच तीन दात सुटत जातात. म्हणून दोन ब्रश ठेवा. एक लहान मुलांचा, छोट्या डोक्याचा आणि मऊ केसांचा. दुसरा एकाच झुपक्याचा, ज्याला सिंगल टफ्ट म्हणतात. तारा लावलेल्या लोकांसाठी तो विकतात. औषधाच्या मोठ्या दुकानात मिळतो, नाहीतर दाताच्या डॉक्टरांना मागवायला सांगा.

रात्री घाई नसते, म्हणून मोठी सफाई रात्री करा. आधी छोट्या ब्रशने सगळं तोंड नेहमीसारखं घासा. ब्रशचे केस हिरडी आणि दाताच्या रेषेवर तिरके धरा आणि जागच्या जागी थरथरवा, करवत चालवू नका. मग तोंड अर्धं मिटा. एका हाताच्या तर्जनीने ओठ बाजूला घ्या, दुसऱ्या हाताने झुपक्याचा ब्रश पेनसारखा धरा. भेगेच्या एका बाजूच्या दातापासून सुरुवात करा. दाताची पुढची बाजू, मग भेगेकडची कड, मग टाळूकडची. तिरक्या दाताला चार बाजू असतात हे मला तिशीनंतर कळलं. प्रत्येक कडेवर मनात दहापर्यंत मोजा. जास्तीचा दात आत असेल तर त्याच्या मागे ब्रश वरून खाली आणा. एवढ्याला दीड मिनिट लागतं.

पहिले आठ दिवस रक्त येईल. तेव्हा घासणं सोडायचं नाही. सुजलेली हिरडी रक्त देते, आणि सूज साचलेल्या थरामुळे आलेली असते. नीट घासायला लागल्यावर एक-दोन आठवड्यांत रक्त कमी होतं. नाही झालं तर डॉक्टरांकडे जा.

पेस्ट फ्लोराइडची, वाटाण्याएवढी. हिरडीत छिद्र असेल तर त्याहून कमी घ्या आणि बेसिनवर पुढे वाकून घासा, नाहीतर फेस नाकात चढतो आणि शिंका थांबत नाहीत. झाल्यावर थुंका, पण खळखळून चुळा भरू नका. आपल्याकडे सात-आठ चुळा भरल्याशिवाय तोंड धुतल्यासारखं वाटत नाही, आणि त्या चुळांबरोबर फ्लोराइडही जातं. माझ्या आजीला हे शेवटपर्यंत पटलं नाही.

दातांमधल्या फटींसाठी बाटली धुवायच्या ब्रशची बारीक आवृत्ती मिळते, तिला इंटरडेंटल ब्रश म्हणतात. फट मोठी असेल तिथे तो, घट्ट असेल तिथे दोरा म्हणजे फ्लॉस. ब्रशचा आकार डॉक्टरांकडून ठरवून घ्या आणि जोर करून घुसवू नका. क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश सांगितल्याशिवाय घेऊ नका. दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त वापरलं तर दात तपकिरी होतात आणि चव जाते.

मिश्रीबद्दल. मुळशी, भोर, पुरंदरकडच्या अनेक घरांत अजून बायका सकाळी मिश्री लावतात आणि ‘दात घट्ट राहतात’ म्हणतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. भेगेशेजारच्या दाताला मुळात हाड कमी असतं, त्यावर तंबाखू म्हणजे आगीत तेल. पुढे हाड बसवायचं ऑपरेशन करायचं असेल तर तंबाखू, सिगरेट, गुटखा आधी सुटलेलं असलं पाहिजे, नाहीतर बसवलेलं हाड धरत नाही.

आणि चहा. दिवसाला सहा कटिंग पिणाऱ्याला एकदम बंद करा म्हणणारा मी कोण? पण साखर किती पोटात जाते याहून ती किती वेळा तोंडात येते ते दातांना जास्त भोवतं. प्रत्येक गोड घोटानंतर तोंडातलं आम्ल निवळायला वीस-तीस मिनिटं लागतात. सहाचे तीन करा आणि मागून साधं पाणी प्या. आपल्यापैकी अनेकांचं नाकाचं हाड वाकडं असतं, नाक चोंदलेलं असतं, झोपेत तोंड उघडं राहतं. कोरड्या तोंडात लाळेचं संरक्षण नसतं आणि दात झपाट्याने किडतात. रोज सकाळी जीभ टाळूला चिकटलेली असेल तर नाक-कान-घसा डॉक्टरांना दाखवा.

छिद्र असेल तर

खाताना नाकात जाणाऱ्या गोष्टी तुम्हाला माहीत असतीलच. माझी यादी: भेळेतली शेव, दाण्याचं कूट, तीळ, डाळिंबाचा दाणा, आणि पातळ ताक. छिद्रात अडकलेला कण काडीने, पिनेने, नखाने काढू नका. कोमट पाण्यात चिमूटभर मीठ घालून पुढे वाकून हळू गुळणी करा. नाकातून आलं तर येऊ द्या, लाजू नका, न्हाणीघरात आहात. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव येत राहिला, पू आला किंवा दात हलायला लागला तर वाट बघू नका.

ऑपरेशन लगेच करायचं नसेल तर छिद्र झाकणारी काढता-घालता येणारी पट्टी बनवून घेता येते. दिसायला ती कवळीच्या टाळूसारखी. तिच्यावर नसलेला दातही बसवून देतात. माझी पहिली पट्टी मी अकरा महिने वापरली. रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवायची. ती लावल्यावर पहिल्यांदा चौकात उभं राहून पाणीपुरी खाल्ली. पाणी पाण्याच्या वाटेने गेलं.

पुण्यात कुठे आणि कुणाकडे

गल्लीतल्या एकट्या दवाखान्यात चांगले डॉक्टर असतात, पण आपलं काम एका हाताचं नाही. हिरड्यांचे तज्ज्ञ, तारा लावणारे ऑर्थोडॉन्टिस्ट, जबड्याचे सर्जन, कवळी आणि ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला नकली दात) करणारे प्रोस्थोडॉन्टिस्ट हे सगळे एका इमारतीत दंत महाविद्यालयात सापडतात. धनकवडीला भारती विद्यापीठ, कॅम्पात आझम कॅम्पसमध्ये रंगूनवाला, वडगाव बुद्रुकला सिंहगड, पिंपरीत डी. वाय. पाटील. घराजवळचं निवडा, कारण फेऱ्या खूप होतात. खर्च खाजगीपेक्षा साधारण कमी येतो. वेळ मात्र जास्त जातो, सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा.

तिथे विद्यार्थी असतात, आणि आपण त्यांच्यासाठी ‘इंटरेस्टिंग केस’ असतो. पहिल्या दिवशी माझ्या खुर्चीभोवती सात जण उभे होते. शिकू द्यावं असं माझं मत आहे, पण आपल्या अटींवर. ‘एका वेळी दोघं या, आणि फोटो काढायच्या आधी मला विचारा’ एवढं सांगायचा हक्क आपल्याला आहे. मी सांगितलं, मॅडमनी ऐकलं.

पहिल्या भेटीत हे स्पष्ट सांगा: जन्मतः ओठ दुभंगलेला होता, कोणती बाजू, हिरडीत हाड बसवलंय की नाही, नाकात पाणी येतं की नाही. सगळ्या दातांचा मोठा एक्सरे, म्हणजे ओपीजी, काढतील. भेगेजवळ हाड किती आहे ते बघायला थ्री-डी स्कॅनही लागू शकतो. आणि भेगेशेजारचा दात कुणी काढायला निघालं तर विचारा: ‘हा काढल्यावर छिद्र उघडेल का? याच्या मागचं हाड जाईल का?’ माझ्या शर्टाची किंमत या दोन प्रश्नांएवढी होती.

क्रम चुकवू नका

एका ओळखीच्या ताईंनी लग्नाआधी फोटोसाठी घाईघाईने समोर ब्रिज बसवून घेतला. छान दिसला. दीड वर्षाने जबड्यासाठी तारा लावायची वेळ आली तेव्हा तोच ब्रिज कापून काढावा लागला, आणि त्यासाठी घासलेले शेजारचे दोन चांगले दात कायमचे घासलेलेच राहिले.

साधारण क्रम असा: आधी हिरड्या आणि कीड. मग तारा. वरचा जबडा फार मागे असेल तर तो पुढे आणायचं ऑपरेशन, जे वाढ पूर्ण झाल्यावरच करतात. हिरडीत हाड भरायचं असेल तर ते तारांच्या वेळापत्रकात बसवतात. नसलेला दात त्यानंतर. ओठाची आणि नाकाची शेवटची दुरुस्ती जबडा जागेवर आल्यावर, कारण खालचा पाया हलला की वरचं नाक बदलतं. प्रत्येकाला सगळं लागत नाही. मला जबड्याचं ऑपरेशन सुचवलं होतं, मी नाही म्हटलं, आणि मला ते नाही म्हणता येतं हे कळायलाच दोन महिने गेले.

नसलेल्या दाताला इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवलेल्या स्क्रूवरचा दात, हा एकच मार्ग नाही. इम्प्लांटला भक्कम हाड लागतं, आणि मोठेपणी भेगेत हाड बसण्याची खात्री लहानपणापेक्षा कमी असते. शेजारच्या दाताला मागून चिकटवलेला पंखाचा ब्रिज दात फारसे न घासता होतो. काहींच्या बाबतीत सुळाच पुढे ओढून पटाशीसारखा घडवतात. तिन्ही पर्याय विचारा आणि खर्चाचा आकडा लेखी घ्या.

पैशांचं थोडक्यात: राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ही भेग आहे, पण तो १८ वर्षांपर्यंत. मोठ्यांनी महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेच्या मदतनीसाच्या, टेबलावर कोणती शस्त्रक्रिया बसते ते विचारावं. स्माइल ट्रेन या संस्थेशी जोडलेल्या रुग्णालयांत भेगेच्या शस्त्रक्रिया मोफत होतात. वयाची अट आणि दातांचं काम धरतात का, हे तिथेच विचारा.

टाळूचीही भेग असेल तर जबडा पुढे आणण्याआधी वाचा-उपचार तज्ज्ञांना दाखवाच. जबड्याबरोबर टाळूही पुढे जाते, घशाशी फट वाढते आणि आवाज जास्त गेंगाणा होऊ शकतो. हे आधी माहीत असलेलं बरं.

चौदा प्रश्न

तोंडामुळे जगणं किती अडतं हे मोजायला दंतवैद्यकात एक प्रश्नावली वापरतात, ओएचआयपी-१४. चौदा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार. शून्य म्हणजे ‘कधीच नाही’, चार म्हणजे ‘फार वेळा’. एकूण ५६. जितका आकडा मोठा तितका त्रास जास्त. शब्द उच्चारायला अडचण येते का, खाताना अवघडतं का, संकोच वाटतो का, लोकांवर चिडचिड होते का, असे प्रश्न. डॉक्टरांकडे मागा, उपचाराआधी एकदा भरा आणि सहा महिन्यांनी पुन्हा भरा. डॉक्टरांच्या नजरेला जे मोठं दिसतं तेच आपल्याला छळत असतं असं नाही. त्यांना माझा जबडा दिसत होता. मला बायोडेटाचा फोटो आणि ऑफिसातलं जेवणाचं टेबल दिसत होतं. कागद समोर ठेवल्यावर बोलणं जेवणावर आलं आणि उपचाराचा क्रम त्यावर ठरला.

मुलांबद्दल

लग्न ठरताना हा प्रश्न येतोच, बहुधा समोरच्या मावशींकडून, बहुधा कुजबुजत. आईवडिलांपैकी एकाला भेग असेल तर बाळाला ती असण्याची शक्यता साधारण शंभरात तीन ते पाच, म्हणजे शंभरातली पंचाण्णव तरी बाळं भेगेशिवाय. खालच्या ओठावर दोन बारीक खड्डे असतील तर ते दाखवा. तो वेगळा, आनुवंशिक प्रकार असतो आणि त्यात शक्यता खूप जास्त असते, तेव्हा जनुकीय समुपदेशन घ्यावं. बाळाचा विचार असेल तेव्हापासूनच बायकोने डॉक्टरांना विचारून फॉलिक ॲसिड सुरू करावं. फिटची गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंद न करता आधी बोलावं. घरात तंबाखूचा धूर नको.

ग्रहणात विळीवर भाजी चिरली म्हणून ओठ फाटतो, हे माझ्या आईला इतक्यांदा ऐकवलं गेलं, की ती अजून ग्रहणाच्या दिवशी स्वयंपाकघरात जात नाही. ओठ जुळतो तो काळ असा, की अनेकींना दिवस गेल्याचंही नुकतंच कळलेलं असतं. मी तिला हे आठवड्यांच्या हिशेबासकट सांगितलं. ती ऐकून घेते, आणि त्या दिवशी खिचडी मी करतो.

दर तीन-चार महिन्यांनी हिरड्यांची तपासणी आणि गरजेप्रमाणे स्केलिंग (दातांवर साचलेला थर खरवडून काढणं), एवढं माझं आता चालू आहे. प्रश्नावली गेल्या महिन्यात पुन्हा भरली. संकोचाचा चार होता, तो एक झालाय. पहिला प्रश्न, उच्चारांचा, तिथे अजून दोन आहे. ‘प’ आणि ‘ब’ फोनवर नीट जात नाहीत. सोमवारी वाचा-उपचाराची पहिली वेळ घेतली आहे.